थांबलात की जू उतरवा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पुतण्याने नवी मोटार घेतली आणि तिचा पहिला लांबचा प्रवास म्हणून आम्ही सगळे सोमेश्वरनगरहून पुण्याला एका लग्नाला निघालो. पुढे पुतण्या आणि आप्पा, म्हणजे आमचे थोरले बंधू. मागे वहिनी, नात आणि मी. नीरा, जेजुरी, सासवड करीत दिवे घाट उतरलो आणि हडपसरच्या पहिल्याच लाल दिव्यापाशी गाडी उभी राहिली. उभी राहिली ती अशी, की तिची घरघरच एकदम थांबली. वहिनींनी पुढची सीट घट्ट धरली.

"अगं बाई, बंद पडली वाटतं! नवी कोरी गाडी आणि भर रस्त्यात? भावजी, उतरून बघा बरं जरा."

पुतण्या हसला. "आई, बंद पडली नाही. तिनं स्वतःच बंद केलंय इंजिन. पेट्रोल वाचावं म्हणून."

दिवा हिरवा झाला, पुतण्याने क्लच दाबला, इंजिन पुन्हा जागे झाले आणि गाडी चालू लागली. पुढच्या चौकात तोच प्रकार. त्याच्या पुढच्या चौकात वहिनींचा धीर सुटला. "हे सारखं चालू-बंद, चालू-बंद बरं नव्हे. एखाद्या वेळी नाहीच झाली चालू तर? मागं बघ किती गाड्या आहेत!" पुतण्याने निमूटपणे एक बटण दाबले आणि ती सोयच बंद करून टाकली. त्यानंतर कार्यालयापर्यंत प्रत्येक सिग्नलला आमचे इंजिन इतर सगळ्यांच्या इंजिनांसारखे घुरघुरत राहिले. वहिनी निश्चिंत झाल्या.

आप्पा मात्र नाराज दिसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस मोटारीच्या बाबतीत सहसा तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "कशाला बंद केलंस ते? बरोबर करत होती की ती. थांबली की जू उतरवत होती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. लग्नाच्या पंक्तीतही मी त्याचाच विचार करीत होतो.

गाडीवानाचा नियम

आप्पांनी तरुणपणी, साठ-सत्तरच्या दशकांत, बैलगाडीने ऊस वाहिला. त्या काळी गाडीवानांचे काही नियम असत आणि ते कुठे लिहिलेले नसले तरी मोडण्याची सोय नसे. त्यातला पहिला नियम हा, की गाडी थोडा वेळ जरी थांबणार असली, तरी शिवळा काढून बैल मोकळे करायचे, गाडीला टेकू द्यायचा आणि बैलांपुढे वाढ्याची पेंढी टाकायची. भरलेल्या गाडीचे जू मानेवर ठेवून बैलांना ताटकळत उभे करणाऱ्या गाडीवानाला इतर लोक नावे ठेवीत. बैलाचा खांदा सुजला की पुढचे चार दिवस गाडी घरी, हा त्यातला रोकडा व्यवहारही होताच. पुढची गाडी हलली की पुन्हा जू चढवायचे. रात्रीतून दहा वेळा ही उठाठेव करावी लागे. पण कंटाळा केला असे कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

बैलाची एक अडचण मात्र होती. जू उतरवले तरी बैल खातच असतो. उभ्या बैलाला वैरण लागते, पाणी लागते. इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. ते बंद केले की खाणे बंद. बैलापेक्षा यंत्राची सोय आहे ती नेमकी एवढ्यात, की थांबल्यावर त्याचा खर्च शून्यावर आणता येतो. आणि गंमत अशी, की बैलाचे जू इमानाने उतरवणाऱ्या आपल्या लोकांनी ही सोय कधी घेतलीच नाही. एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी, रेल्वेच्या बंद फाटकासमोर, पेट्रोल पंपाच्या रांगेत आणि कारखान्याच्या काट्यासमोर आपली इंजिने जू चढवून उभी असतात.

मोटारीतली नवी सोय म्हणजे हाच जुना नियम यंत्राला शिकवलेला आहे. तो चांगला आहे, असे माझे मत आहे. पण तो कोणाच्या गाडीला शिकवला गेला आणि कोणाच्या नाही, हे पाहिले म्हणजे थोडे वाईट वाटते. त्याविषयी पुढे येईनच.

यंत्राला शहाणपण कसे सुचले

ही कल्पना आजची नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होता तो बारा डॉलरच्या घरात गेला. जगभर मोटार कंपन्यांची झोप उडाली. १९७४ मध्ये जपानच्या टोयोटाने आपल्या ‘क्राऊन’ गाडीत, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारे यंत्र बसवून पाहिले. १९८३ मध्ये इटलीच्या फियाटने ‘रेगाटा’ गाडीत तो प्रयोग केला, नव्वदच्या दशकात फोक्सवॅगनने ‘गोल्फ’मध्ये केला. लोकांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. कारण वहिनींचेच होते: नाही झाली चालू तर? २००४ मध्ये सिट्रोएनच्या ‘सी-थ्री’ गाडीपासून चित्र बदलू लागले आणि पुढे युरोपात गाड्यांच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आल्यावर ही सोय घरोघर पोचली.

आपल्याकडेही ती बरीच आधी आली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रच्या ‘स्कॉर्पिओ’मध्ये २००८ मध्ये ‘मायक्रो हायब्रीड’ या नावाने ती मिळू लागली. २०१४ मध्ये हिरोने ‘स्प्लेंडर’च्या एका मॉडेलला ती दिली. २०१५ मध्ये मारुतीने ‘सियाझ’ आणि ‘अर्टिगा’ या गाड्यांत ती आणली. २०१९ मध्ये होंडाच्या ‘अ‍ॅक्टिव्हा १२५’ या स्कूटरलाही ती आली. म्हणजे आज आपल्या गल्लीतली एखादी स्कूटर चौकात गप्प उभी दिसली, तर ती बिघडली आहे असे समजण्याचे कारण नाही.

यंत्राचे काम कसे चालते तेही थोडक्यात पाहू. चालकाने गाडी पूर्ण थांबवली, गिअर न्यूट्रलला आणला, क्लचवरचा पाय काढला, की गाडीतला छोटा संगणक चार गोष्टी तपासतो. इंजिन पुरेसे तापलेले आहे का? बॅटरीत जोर आहे का? चालकाचा पट्टा लावलेला, दार मिटलेले आहे का? एसीची गरज फार नाही ना? सगळी उत्तरे मनासारखी आली तरच तो इंजिन बंद करतो. पाय पुन्हा क्लचवर गेला, की क्षणार्धात ते सुरू होते. रोज अनेक वेळा हे करायचे म्हणजे साधा स्टार्टर आणि साधी बॅटरी टिकणार नाही. म्हणून या गाड्यांना दणकट स्टार्टर आणि वेगळ्या जातीची, महागडी बॅटरी दिलेली असते. काही गाड्यांत स्टार्टर आणि डायनॅमो या दोहोंचे काम पट्ट्यावरचे एकच यंत्र करते.

हे नीट ध्यानात घ्यावे. इंजिन बंद करणे ही काही कला नव्हे. ते किल्ली फिरवून कोणीही करू शकतो. कंपन्यांनी पैसा खर्च केला तो इंजिन हमखास पुन्हा सुरू होण्यासाठी. ग्राहक विकत घेतो ती चीज म्हणजे खात्री.

चोकच्या काळातली समजूत

"पण सुरू करताना जास्त तेल जातं ना?" हा प्रश्न मला दहापैकी आठ जणांनी विचारला. ही समजूत खोटी नव्हती, जुनी झाली आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या दिवसांत थंड इंजिनाला चोक ओढावा लागे, दोन-चार किका माराव्या लागत, आणि प्रत्येक किकेबरोबर थोडे पेट्रोल वाया जाई. आता इंजेक्शनची इंजिने आली. संगणक जेवढे हवे तेवढेच तेल मोजून सोडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सरळ सल्ला असा आहे, की गाडी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ उभी राहणार असेल, तर इंजिन बंद करण्यात फायदा आहे. दहा सेकंद म्हणजे आपल्या शहरांतला जवळजवळ प्रत्येक लाल दिवा.

किती फायदा? आमची नात बारावीला आहे. तिने लग्नाहून परत येताना मोबाइलवर हिशेब मांडला, तो असा. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला साधारण सहाशे मिलीलिटर पेट्रोल पिते. पुण्यात रोज नोकरीवर जाणारा माणूस दिवसाला वीस मिनिटे सिग्नलला उभा राहतो असे धरा. म्हणजे दिवसाला दोनशे मिलीलिटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साठ लिटर. हिशेबाला सोपा म्हणून शंभर रुपये भाव धरला, तर सहा हजार रुपये. यंत्र प्रत्येक वेळी काम करीत नाही. उन्हाळ्यात एसी चालू असला, की आतली हवा गरम होऊ लागताच इंजिन आपणहून सुरू होते. म्हणून निम्मेच धरू. तरी तीन हजार. अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या ‘एएए’ या मोठ्या संघटनेने २०१४ मध्ये शहरी वापरात पाच ते सात टक्के बचत सांगितली होती. नातीचा हिशेब त्याच्या जवळपास जातो.

मग तिने दुसरा हिशेब केला. सोमेश्वरनगरात राहून वडगाव निंबाळकर, नीरा, फार तर बारामती एवढेच हिंडणारी आमची गाडी दिवसाला दोन मिनिटेही चौकात उभी राहत नाही. म्हणजे वर्षाला सहा लिटर, सहाशे रुपये. निम्मे धरले तर तीनशे. महागड्या बॅटरीचा वाढीव खर्च पाहता हा आतबट्ट्याचाच व्यवहार. गाडीच्या जाहिरातीतला मायलेजचा आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात गाडी उभी राहण्याचा वेळ जवळजवळ चौथा हिस्सा धरलेला असतो. आपल्या वाडीवस्तीच्या रस्त्यावर तो वेळ नगण्य असतो. तेव्हा खेड्यातल्या माणसाने केवळ या सोयीपायी वरचे मॉडेल घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. पण घेतलेल्या गाडीत ती असेल, तर शहरात शिरताना ते बटण दाबून तिला झोपवूही नये.

जिथे थांबणे जास्त, तिथे काय?

इथपर्यंत मोटारीचे झाले. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिकडे वळतो.

थांबण्याचा खरा कळस पाहायचा असेल तर हडपसरला जायची गरज नाही. साखर पट्ट्यात गाळप हंगामात कुठल्याही कारखान्याच्या आसपास जावे. आमच्या भागात तर कारखान्यांची मालिकाच आहे. इकडे सोमेश्वर, बारामतीजवळ माळेगाव, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती. नोव्हेंबरात मोळी पडली, की पुढचे चार महिने नीरा-बारामती रस्ता उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा असतो. एकाच वेळी शेकडो वाहने एका गव्हाणीकडे निघाली, की रांग ही लागणारच. त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. प्रश्न रांगेत उभे कसे राहायचे हा आहे.

रांग ठप्प असली की चालक इंजिन बंद करतात. अडचण असते ती सरकत्या रांगेची. दर पाच-सात मिनिटांनी दहा पावले पुढे जायचे. अशा वेळी इंजिन चालूच राहते. पुतण्याकडे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आहे, बँकेच्या कर्जाचा. मी त्याला विचारले, "अरे, तू शिकलेला. पाच मिनिटं तरी बंद करावंस?"

त्याने सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीच्या एका रात्री त्याने रांगेत इंजिन बंद केले होते. पुढची ट्रॉली हलली. याने किल्ली फिरवली, सेल्फने दोनदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि बसला. बॅटरी जुनी होती. मागचे लोक आधी हॉर्न वाजवू लागले, मग बाजूने निघून गेले. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून सुरू करेपर्यंत नंबर गेला. ऊस दुसऱ्या दिवशी खाली झाला. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजनात घटतो, आणि वाहतुकीचे पैसे तर टनावर मिळतात. "काका, त्या दिवसापासून मी हंगामात रांगेत इंजिन बंद करत नाही. डिझेल गेलं तर शंभर-दोनशेचं जातं. नंबर गेला तर दिवस जातो."

म्हणजे वहिनींची भीती आणि पुतण्याची भीती एकच. फरक एवढाच, की वहिनींच्या भीतीवर कंपनीने दणकट स्टार्टर आणि महागडी बॅटरी हा उतारा दिला आहे. पुतण्याच्या भीतीवर कोणी काही दिलेले नाही. आमच्या रांगेतल्या एकाही ट्रॅक्टरला ती सोय मी पाहिली नाही. दिवसाला वीस मिनिटे थांबणाऱ्याला यंत्र मिळाले, आणि रात्ररात्र थांबणाऱ्याच्या वाट्याला जुनी बॅटरी आली.

नातीला मी तिसरा हिशेब घातला. ट्रॅक्टरचे इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटरभर डिझेल खाते असे धर. सरकत्या रांगेत खेपेला दोन तास जातात, दिवसाला एक खेप, हंगाम एकशेवीस दिवसांचा. तिने आकडा सांगितला: दोनशे चाळीस लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर एकवीस हजार सहाशे रुपये. निम्मे जरी वाचवता आले तरी दहा हजारांच्या वर. एवढ्यात ट्रॅक्टरची नवी बॅटरी येते. पुतण्या आकड्याकडे पाहत राहिला. बॅटरीला एकदम आठ-दहा हजार काढायचे म्हटले की हात आखडतो, आणि शंभर-शंभर करून त्याच्या दुप्पट डिझेल धुरातून निघून जाते तेव्हा कळतही नाही. गरिबीत आणि ओढगस्तीत असेच होते. रक्कम दिसते, गळती दिसत नाही.

आणि हे नुसते पैशाचे नाही. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे झाले जगाचे. जवळचे सांगायचे तर डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच दिला आहे. रांगेच्या कडेला कोण असते? बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, त्यात झोपलेली पोरे, चहाच्या टपरीवरचा मुलगा, आणि स्वतः चालक. सायलेन्सरचे तोंड त्यांच्याच दिशेला असते.

आणखी एक विचित्र योग पाहा. २०२५ पासून देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो, आणि त्यातले बरेचसे इथेनॉल उसापासून होते. आपण अठरा-अठरा महिने पाणी देऊन ऊस वाढवायचा, त्याचे इंधन करायचे, आणि ते चौकाचौकांत उभ्या उभ्या जाळायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला तरी हे खुपले पाहिजे.

नुसत्या उपदेशाने भागत नाही

इंजिन बंद करा, हा उपदेश काही नवा नाही. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ अशी मोहीमच निघाली होती. फलक घेतलेला स्वयंसेवक चौकात उभा आहे तोवर लोक किल्ली फिरवतात. रोज तो उभा राहणार कुठून? सरकारनेही एप्रिल २०१५ च्या योजनेत ही सोय असलेल्या सौम्य हायब्रीड गाड्यांना सवलत दिली होती. एप्रिल २०१७ पासून ती काढून घेतली. तिकडे अमेरिकेत मे २०२५ मध्ये पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनीच जाहीर केले, की ही सोय कोणालाच आवडत नाही, तेव्हा आम्ही तिच्यात बदल करणार. म्हणजे जगातल्या श्रीमंत देशालाही चौकातली ती क्षणभराची शांतता सोसवत नाही असे दिसते.

मला वाटते, उपदेश आणि अनुदान या दोहोंपेक्षा सोपे उपाय आपल्या हातात आहेत. बेंदराला आपण बैलांचे खांदे मळतो. तसे हंगामाच्या आधी ट्रॅक्टरची बॅटरी आणि सेल्फ तपासून घ्यावा. वाहतूकदाराला उचल देतानाच सोसायट्यांनी आणि कारखान्यांनी बॅटरीपुरती रक्कम वेगळी काढून द्यावी. रांग दर पाच मिनिटांनी दहा पावले सरकवण्याऐवजी अर्ध्या तासाने दहा-पंधरा वाहने एकदम पुढे घ्यावीत. मधला वेळ सगळ्यांची इंजिने निर्धास्तपणे बंद राहतील. नंबर मोबाइलवर कळण्याची सोय जिथे असेल तिथे तिचा पुरा उपयोग करावा. आणि वाचलेल्या डिझेलात चालकाचा वाटा ठेवावा. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर पडले असा हिशेब ठेवतात, तसा साधा हिशेब ट्रॅक्टरमालकालाही ठेवता येईल. तेल मालकाचे आणि धूर चालकाचा, अशी वाटणी असेल तर किल्ली कोण फिरवणार?

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. पेट्रोल वाचवण्याच्या नादात दिवे घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग पूर्वी पुष्कळ होते, आजही आहेत. हे कदापि करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारा जोर दोन-चार दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप तोडलेले असते, म्हणजे बचत बसल्या जागी होतच असते. जू उतरवायचे ते थांबल्यावर. चालत्या गाडीचे जू उतरवणाऱ्याला गाडीवान म्हणत नाहीत.

तसेच, चौकात इंजिन शांत झाले म्हणजे गाडी बंद झाली असे नव्हे. उतरून जाताना किल्ली काढावी किंवा बटण दाबून ती पुरती बंद करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना हे एकदा समजावून सांगितलेले बरे.

या हंगामात मोळी पडायच्या आधी पुतण्याने बॅटरी बदलली. किती रुपये गेले ते मी विचारले नाही. तोंडावरून कळत होते. जानेवारीत एका रात्री मी मुद्दाम त्याच्याबरोबर रांगेत जाऊन बसलो. पहिल्यांदा त्याने किल्ली फिरवली तेव्हा त्याचा हात किंचित अडखळला. पाच मिनिटांनी पुढची ट्रॉली हलली, याने सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या वेळी तर त्याने बोलता बोलता बंद केले. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानेही केले. तेवढ्या पट्ट्यात आवाज उतरला, आणि कडेच्या कोपीत कोणी बाई रडणाऱ्या पोराला थोपटत होती ते ऐकू आले. इतका वेळ ती तिथेच होती. आम्हाला ऐकू येत नव्हती एवढेच.

सकाळी घरी आल्यावर आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "मग? जू उतरवल्याशिवाय बैलाचा श्वास ऐकू येत नाही."

वहिनींचेही मत आता बदलत चालले आहे. परवा पुण्याला जाताना हडपसरच्या चौकात गाडी पुन्हा गप्प झाली. पुतण्याचा हात सवयीने बटणाकडे गेला, तर मागून त्याच म्हणाल्या, "असू दे रे. दम खाऊ दे तिला जरा."